हवेची वॉरंटी

“दादा, वॉरंटी बंदुकीला आहे की आतल्या हवेला?” असं विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने कंपनीच्या माणसाला फोनवर बेधडक विचारलं. रविवारी शाळेच्या नेमबाजी संघाची निवड होती आणि तिच्या कोऱ्या करकरीत एअरगनमध्ये हवा काही टिकत नव्हती.

“ताई, आतली काळी रबरी रिंग नसली की हवा गळते. आणि ती आपोआप निघत नाही. कुणी बंदूक उघडली असेल, तर वॉरंटी विसरा.”

फोन स्पीकरवर होता. घरात काहीही नवं आलं की आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधणाऱ्या बाबांनी पेपरात तोंड खुपसलं.

“मी फक्त आतून पुसली,” ते पुटपुटले. “जोडल्यावर एक रिंग उरली. म्हटलं, जास्तीची दिली असेल.”

“मग गेली कुठे ती?” आई कडाडली.

“वाया नाही घालवली हं!”

तिघांचीही नजर ओट्याकडे वळली. वर्षभर टपटपणारा नळ परवापासून अगदी शहाण्यासारखा गप्प होता.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” ती म्हणाली.



“रविवारी मी नळ घेऊन जाणार.”