येव्सेयचं इंजिन

"चांगलं चालतं इंजिन काढायचं? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

निकानोर हातात पाना धरून तसाच उभा राहिला. समोर येव्सेयची बर्फगाडी. ती त्यानं घरीच बांधलेली: बोटीचा पत्रा, पलंगाच्या नळ्या, जुन्या मोटरसायकलचं इंजिन. हिवाळ्याच्या तोंडाशी येव्सेय झोपेतच गेला. आता गाडी त्याचा मुलगा लाव्र चालवायचा.

"अजून दहा वर्षं याला काही होत नाही."

"म्हणूनच," येव्सेयची बायको उस्तिन्या म्हणाली. "पोरगा लाकडं घेऊन परततो. नदीच्या वळणावर आवाज आला की कुत्रा दाराशी जातो, मी उठते, किटली ठेवते, त्यांचा कप काढते. रोज. मग लाव्र आत येतो आणि मला त्याचं तोंड बघवत नाही. पोटच्या पोराचं, भाऊजी."

मीठ संपलंय म्हणून सांगावं, तशी ती बोलली.

निकानोरनं फळीवरून दुसरं इंजिन उतरवलं. बटाट्याची जमीन नांगरायच्या यंत्राचं, बसकं. भोकं जुळेनात. त्यानं नवी पट्टी कापली, भोकं पाडली, साखळीचं चाक बदललं, इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उस्तिन्या ओंडक्यावर बसून बघत होती. तिला रडू येत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं.

इंजिन सुरू झालं. डुगडुग, डुगडुग.

"म्हातारी गाय रवंथ करतेय नुसती. येव्सेय असता तर झोडपलं असतं मला."

"चालेल हेच. जुनं नदीत टाका, बर्फाला भोक पाडून."

"टाकतो."

आता मेझेन नदीकाठी आजवर कुणी गंजका खिळा फेकलेला नाही. धडधाकट इंजिन पाण्यात टाकायचं म्हणजे हात झडतील की! निकानोरची स्वतःची गाडी खोकत होती. त्यानं ते तिच्यात बसवलं आणि विसरून गेला.

आठवडा बरा गेला. लाव्र डुगडुगत यायचा. तो आत आला की उस्तिन्या मान वर करायची. "आलास? बस."

रविवारी दुपारी मायलेक मासे साफ करत बसले होते. नदीच्या वळणावर आवाज आला. कुत्रा ताडकन उठला. उस्तिन्याही उठली. किटली ठेवली. येव्सेयचा निळा कप काढला.

"आई, मी इथेच आहे ना गं."

"दिसतोयस मला."

आवाज दाराशी थांबला. निकानोर आत आला, भेट म्हणून दोन मोठे मासे घेऊन. त्यानं किटली बघितली, कप बघितला. मग हळूच टोपी काढली.

"वहिनी... माझ्या लक्षातच आलं नाही हो."

कुत्रा त्याच्या पायांमधून बाहेर पळाला. गाडीभोवती फिरला, रिकामी सीट हुंगत राहिला. निकानोर त्याला हाक मारायला वळला.

"बोलावू नका," उस्तिन्या म्हणाली. "बघून येऊ दे. त्याला कुणी सांगितलंच नाहीये."