फार्मासिस्ट उपलब्ध नाही

“बाई, तो कागद लावा,” औषधांच्या दुकानाचा मॅनेजर म्हणाला. हातातलं फडकं खांद्यावर टाकून तिने काचेवर कागद चिकटवला: ‘आज फार्मासिस्ट उपलब्ध नाही. चिठ्ठीवरची औषधं मिळणार नाहीत.’

तिला इथे कुणा मालकाने बोलावलं नव्हतं. फार्मासिस्टची टंचाई आहे म्हणून या देशानेच तिच्या मायदेशातल्या फार्मासिस्ट म्हणून सोळा वर्षांच्या अनुभवाला गुण देऊन व्हिसा दिला होता. आल्यावर मात्र परवाना देणारे म्हणाले, हा अनुभव इथला नाही, चालायचा नाही! तेव्हापासून ती फळ्या पुसत होती.

एक आजी धापा टाकत आल्या. “नातीला ताप आहे हो. कुणीच नाही का?”

तिची नजर त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर गेली. “आजी, नात केवढी आहे?”

“सहा महिन्यांची.”

“मग हा डोस दहापट लिहिलाय. हे औषध कुठूनही घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन लावा.”

“तुम्हाला कोणी विचारलं?” मॅनेजर खेकसला. “नसती लुडबुड नको!”

आजी तिच्याकडे बघतच राहिल्या. “पण बाई, तुम्ही कोण?”

तिने फडकं धरलेल्या हातानेच काचेकडे बोट केलं.

“त्या कागदावर जी नाही म्हणून लिहिलंय ना, आजी, ती मी.”