कासूचा फलाट

पन्नाशी आली तरी माझ्या लेकाचा, सॅमसनचा, खेळ सुटला नाय. माळ्यावर फळ्या टाकून त्यानं अख्खी पनवेल-रोहा लाइन मांडलीय. बोटाएवढे खांब, नखाएवढे दिवे. जेवायलासुद्धा घसा फोडून बोलवावं लागतं.

काल त्याच्या बापाला जाऊन वर्ष झालं. आम्हा यहुद्यांत मेलेल्याचा जीव मार्गी लागावा म्हणून कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात, आणि आमची माणसं तर सगळी इस्रायलला गेलेली. तरी फोन करकरून मी रोह्या-अलिबागकडचे नऊ म्हातारे गोळा केले. दहावा घरचाच होता.

"अरे सॅमसन, सगळे टोप्या घालून उभे हायत!" मी जिन्याखालून ओरडले.

"आलो गो आई! गोंद ओला हाय, हात काढला तर पडंल!"

असं आलो-आलो करत पाऊण तास काढला त्यानं. रोह्याची गाडी यायची वेळ झाली, तिच्यानंतरची थेट रात्री. रोह्याचे पाचजण काठ्या टेकत निघून गेले. कद्दिश राहिलं ते राहिलंच.

मी माळा चढले. सॅमसन लहान पोरासारखा हसत होता.

"बघ गो आई, बाबाच की नाय?"

फळीवरल्या कासू स्टेशनच्या फलाटावर छत्री धरून चिमुकला म्हातारा उभा होता. खोटं कशाला बोलू, हुबेहूब होता.

"तुझा बापच हाय," मी म्हटलं. "आता तिथंच ताटकळू दे त्याला. पुढं धाडायला एकच माणूस कमी पडला, आणि तो त्याचाच लेक निघाला."