दुसरी गोळी

दवाखान्यातल्या सिस्टरनं मलेरियाच्या पेशंटच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. "पांढरीनं तुमचा ताप उतरेल. पिवळीचा तुम्हाला काही उपयोग नाही. यापुढे तुम्हाला चावणाऱ्या डासाच्या पोटात जंतूला तग धरायला एक एन्झाइम लागतं, ते ही गोळी बंद पाडते. मग तो डास पुढे ज्याला चावेल, तो वाचतो."

"पुढे म्हणजे शेजारी माझा भाऊच की." वाटणीपासून दोघांत विस्तव जात नव्हता. "त्याच्यासाठी मी कशाला तोंड कडू करू?"

पांढरी त्यानं तिथंच गिळली, पिवळी खिशात टाकली.

महिन्याभरात तो पुन्हा आला. स्वतः ठणठणीत, पण खांद्यावर मान टाकलेली लेक तापानं फणफणत होती, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

"माझ्याच कुशीत झोपते हो रोज," तो म्हणाला. सिस्टर सलाइन लावत होती. त्यानं घाईघाईनं खिसा चाचपून ती पिवळी गोळी काढली. "ही जपून ठेवलीय. हिला देऊ का?"

 

"द्या," सिस्टर वर न बघता म्हणाली. "निदान तुमचा भाऊ वाचेल."