आधी तू सांग

“काप,” वामनराव म्हणाले.

मोनालीच्या हातात चाकू होता आणि हात हलत नव्हता. टेबलावर पाय वर बांधलेला रामलाल, पांढरकवड्याचा ट्रक ड्रायव्हर. भगंदर झालेलं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, पण माणूस टक्क जागा. छातीवरच्या हिरव्या पडद्यापलीकडून तो शब्दन् शब्द ऐकत होता.

“सर, ही भगंदराची नळी शौच धरणाऱ्या स्नायूच्या वरून जातेय. उघडलं तर स्नायूच कापला जाईल. जन्मभर यांना शौच धरता येणार नाही.”

“कोणी सांगितलं?”

“भूल द्यायच्या आधी मी बोट लावून पाहिलं. त्यांना आवळायला लावलं. वरूनच आहे.”

“अन् मी काय सकाळी वार्डात गोट्या खेळत होतो? खालून आहे म्हणून सांगितलं ना तुले!”

हंसाबाई सिस्टर ट्रेमधल्या कात्र्या उगाच सरळ करू लागल्या. भूल देणारे डॉक्टर मॉनिटरकडे बघत बसले. मध्ये कोण पडणार? हे शिकायचं तर वामनरावांच्या हाताखाली जळावंच लागायचं. अख्ख्या यवतमाळात या कामात त्यांच्याइतका नावाजलेला हात नव्हता आणि तोंड तर त्याहून नावाजलेलं. त्यांची एक रीत पोरांना जीव नकोसा करायची. पेशंटला आधी शिकाऊ डॉक्टरानं बोट लावायचं आणि काय लागलं ते मोठ्यानं सांगायचं. वरून की खालून, किती खोल, गाठ मऊ की टणक. ‘बहुतेक’ म्हटलं की संपलंच. “बहुतेक कायले म्हणतं बे? बोट हाय का लाकूड?” असं सगळ्या वार्डासमोर. इंद्रजितसारखा हुशार पोरगा रडत रडत वर्ष सोडून गेला.

मोनाली टिकली. आर्णीची पोरगी, बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शिव्या गिळायची तिला सवय होती, आणि खरं सांगायचं तर त्या शिव्यांनीच तिचं बोट तयार केलं होतं. आज सकाळी मात्र ती अपघाताच्या पेशंटमध्ये अडकली, म्हणून वार्डात वामनरावांनी रामलालला एकट्यानंच तपासलं. ती धावतपळत आली ती थेट ऑपरेशन थिएटरात.

“शेवटचं सांगतो. काप.”

“नाही कापत, सर.”

वामनरावांच्या मास्कवरचे डोळे बारीक झाले. “कोट्यातून सीट भेटते, पोरी, हात भेटत नाही. परीक्षा मीच घेतो, ध्यानात ठेव. नापास करून आर्णीले पंक्चर काढायले नाही धाडलं तर नाव लावणार नाही.”

मोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. असलं बोलणं तिनं तीन वर्षं ऐकलं होतं आणि दर वेळी खाली मान घालून पुढचा टाका घातला होता. आज मान खाली जाईना.

पडद्यापलीकडून रामलाल कळवळला, “साहेब, भांडणं मंग करा ना! मले गाडीवर बसता आलं पाह्यजे, बस. लेकरं हायेत मले.”

वामनरावांनी तिच्या हातातून चाकू हिसकला. तेव्हा मोनालीनं जे केलं ते त्या थिएटरात कुणी कधी केलं नव्हतं. तिनं आपला तळहात आडवा धरून वाट अडवली.

“आधी या हातावर चालवा. नाहीतर परत एकदा बोट लावून बघा, सर. सगळ्यांसमोर. खालून लागलं तर मी आत्ता आर्णीची बस धरते.”

एवढीशी गोष्ट होती. बोट लावायचं आणि पोरीला तोंडावर पाडायचं. पण वामनराव बोट लावेनात. चाकू धरून नुसते उभे राहिले. हंसाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग वामनरावांनी चाकू ट्रेमध्ये आदळला.

“धागा बांध,” ते म्हणाले आणि दार ढकलून निघून गेले.

मोनालीनं धागा बांधला. धाग्यानं बरं व्हायला महिने लागतात, पण स्नायू शाबूत राहतो. “झालं, भाऊ. गाडी चालवाल तुम्ही,” ती रामलालला म्हणाली. त्याचं वाचलं, आपलं बुडालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण राग काही उतरत नव्हता. बुडायचंच आहे तर बोलून बुडू, असं म्हणत ती तडक सरांच्या खोलीत शिरली.

वामनराव एकटेच बसले होते. वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला हातात, घोट एकही घेतलेला नाही.

“नापास करायचं तर करा, सर. पण एवढं सांगा, बोट काहून नाही लावलं? माणसाच्या जन्मापेक्षा तुमचा हट्ट मोठा आहे का?”

आता पेला अंगावर येणार, म्हणून ती दाराला टेकली. वामनरावांनी पेला टेबलावर ठेवला. त्यांची पेरं भाजून लालबुंद झाली होती, एका बोटावर फोड टरारून आला होता. ते त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं पाहत राहिले.

“शुगरनं खाल्लं. दोन वर्षं झाली, या बोटांले काहीच लागत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सांगत होते, मी कापत होतो.”