आप्पांच्या हयातीत

“बाबा, पात्यांच्या डबीची कळ सरकवली की नवं पातं बाजूने रेझरमध्ये जातं,” स्वतः बनवलेला रेझर देत लेक केतकी म्हणाली होती. पातं आत गेलं. फेसातून रेझर असा काही फिरला, की कौतुकाच्या भरात मनोहरपंतांची अर्धी मिशीही गेली. उरलेली शोभेना, म्हणून तीही उतरवावी लागली.

मग आरशात पाहून पंतांना घाम फुटला. त्यांच्या घरात मिशी उतरवायची ती वडील गेल्यावरच, आणि वडील आप्पा तर बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत होते.

तेवढ्यात बेल वाजली. पंतांनीच दार उघडलं. शेजारच्या दाबक्यांनी कोरा ओठ पाहून हात जोडले. “अरेरे! आप्पा कधी गेले?”

“अजून निघालो नाही,” दाराआडून आप्पा म्हणाले. “या, शेंगा खा.”

दाबके आल्या पावली परतले. पंतांची मान वर होईना. “आप्पा, चुकलो. रेझर नवा होता...”

आप्पांनी त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. “ओठ अगदी तुझ्या आईचे निघाले रे,” ते म्हणाले. “रीतीने वागला असतास, तर मला बघायलाच मिळाले नसते.”