गाठीचं टोक

बायकोच्या कमरेला परक्याचा हात? छे! परशरामानं वाटाड्या भावकूच्या हातातला दोर हिसकावूनच घेतला.

“शहापूरच्या विणकराला गाठ मारायला शिकवतोस व्हय रं?”

त्यानं यल्लव्वाच्या कमरेला दोर बांधला आणि लोंबणारं टोक खिशातल्या कात्रीनं अगदी गाठीशी कापून टाकलं. मागावर सुताची गाठ तशीच मारतात, टोक राहिलं तर फणीत अडकतं. हात सवयीनं चालला.

“टोक लांब ठेवा, मालक. दोर सरकतो,” भावकू म्हणाला. पण ऐकतो कोण!

बेळगावहून सर्व्हिस मोटारीनं वेंगुर्ल्याला उतरून ते इथवर आले होते. समुद्राच्या कड्यावर गुहेत देवी. कड्यात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, धरायला साखळी. मूल व्हावं म्हणून नवस बोललेल्या नवराबायकोनं वाटाड्याच्या मागं चढून जायचं. यल्लव्वाचे सासरे सुबराव नारळ घेऊन आले, तोवर तिघं चढायलाही लागली होती.

निम्म्यावर यल्लव्वाचा पाय शेवाळावरून निसटला. दोराला हिसका बसला, गाठ सुटली आणि भावकूच्या हातात रिकामा दोर आला. ती एका हातानं साखळीला लोंबकळत राहिली. भावकू सरसर खाली आला, त्यानं तिचं मनगट पकडलं आणि एकेक खुंटी करत तिला पायथ्याशी आणलं.

सुबरावांनी त्याच्या थोबाडीत दिली. “माझ्या सुनंचा जीव घेतला असतास की रं! ही काय गाठ म्हणायची?”

भावकूनं परशरामाकडं बघितलं. ‘आप्पा, गाठ माझी,’ एवढंच तर बापाला म्हणायचं होतं. परशरामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मान वळवली. भावकू गाल चोळत दोर गुंडाळायला लागला. गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार?

“चला घरला. ऱ्हाऊ दे तो नवस,” सुबराव म्हणाले.

यल्लव्वानं सोललेला तळवा पदरानं पुसला. पदर खोचला आणि नवऱ्याला वळसा घालून ती भावकूसमोर जाऊन उभी राहिली.

“बांध रं दादा.”

“अगं, खुळी का काय! परत ह्याच्याच हातनं?”

“परत कुठलं, मामंजी?” ती म्हणाली. “मघाशी ह्यानं बांधलंच कुठं हुतं?”